दिवस राहण्याविषयीच्या प्रश्नांना पेपरात जागा द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी कोल्हापुरात गंगावेशीच्या बाजूला मेडिकल दुकान चालवते. डी. फार्म. झाल्यापासून काउंटरवरच उभी आहे. तुमच्या पेपरात शुगरवर लेख येतात, गुडघेदुखीवर येतात, पावसाळ्यात काय खावं काय खाऊ नये तेही येतं, आणि लोक ती कात्रणं घेऊन दुकानात येतात की यात लिहिलंय ती गोळी द्या. म्हणजे छापून आलेल्यावर लोकांचा विश्वास आहे, म्हणून हे पत्र तुम्हाला लिहितेय. नवरा-बायकोच्या संबंधांविषयी आणि दिवस राहण्याविषयी लोकांच्या मनात अगदी साधे प्रश्न असतात, त्यांची सरळ उत्तरं कुठंच छापून येत नाहीत आणि ती न मिळाल्यामुळं घराघरात बायका भोगतायत.

दुकानात गर्दी असताना असलं कोण विचारत नाही. दुपारी दोन-अडीचला रस्ता मोकळा असतो तेव्हा विचारतात, तेही आधी दुसरंच काहीतरी घेऊन, पैसे देऊन झाल्यावर. मध्यंतरी करवीर तालुक्यातली एक नवी नवरी आली, लघवीच्या जळजळीवरचं औषध मागत होती, आधीही नेलेलं तिनं. पाणी कमी पितेस काय म्हणून मी विचारलं तर बोलता बोलता सांगायला लागली, "ताई, संबंध झाल्यावर सगळं भाईर येतंय वो, आत काय ऱ्हाईतच न्हाई. जाऊबाईनं सांगितलंय, सकाळपतोर उठायचं न्हाई, मोरीत जायाचं न्हाई, पाय भिताडाला लावून झोपायचं." म्हणजे रात्रभर लघवी दाबून ठेवायची, त्यातनं जळजळ, जळजळीला औषध, आणि महिना झाला की परत पाळी आली म्हणून सासूची बोलणी.

तिला जे सांगितलं तेच इथं लिहिते. संबंधानंतर बाहेर येणं हे एकदम नॉर्मल आहे, सगळ्याच बायकांना येतं, ज्यांना दोन-दोन मुलं आहेत त्यांनाही येत होतं. वीर्य मुळात असतंच 1.5 ते 5 मिली, फार तर एक छोटा चमचाभर, त्यात कोट्यवधी शुक्राणू असतात. पहिल्यांदा ते घट्ट असतं, 15 ते 30 मिनिटांत पातळ होतं, आणि पातळ झालं की वाहणारच. पण जे शुक्राणू पुढं जाणार असतात ते काही मिनिटांतच गर्भाशयाच्या तोंडाशी जो चिकट स्राव असतो त्यात शिरलेले असतात, ते काय परत येत नाहीत. बाहेर येतंय ते बहुतेक नुसतं पाणी. पाय भिंतीला लावल्यानं किंवा कमरेखाली उशी घेतल्यानं दिवस लवकर राहतात असं काही सिद्ध झालेलं नाही, आणि लघवीची वाट वेगळी, योनीची वाट वेगळी, त्यामुळं लघवीला गेलं म्हणून शुक्राणू धुऊन जात नाहीत. उलट संबंधानंतर लघवी करून यावं असंच डॉक्टर सांगतात, इन्फेक्शनचा त्रास कमी होतो. ही दोन वेगळी तोंडं आहेत हेच कित्येक बायकांना माहीत नसतं, यात त्यांचा काय दोष, कुणी सांगितलंय कधी? शाळेत तो धडा आला की बाई म्हणायच्या घरी वाचा, आणि घरी कोण वाचून देतंय.

आणि हेच उलट्या बाजूनंही लागू आहे. ज्यांना मूल नकोय ते उठून लगेच धुतलं, उड्या मारल्या, उभ्यानं केलं म्हणून निर्धास्त राहतात. तसं काही होत नाही. पहिल्याच वेळेला दिवस राहू शकतात.

आता दुसरा प्रश्न, हा तर सारखाच येतो, की मला काहीच जाणवलं नाही म्हणजे आत गेलंच नसेल का. कुणी म्हणतं गरम लागलं, त्या वेळी नक्की राहिले असणार. कुणाला दुसऱ्या दिवशी पोटात कळ आली की वाटतं बसलं. खरं सांगायचं तर योनीच्या आतल्या भागात संवेदना कमीच असते, वीर्य पडलेलं बऱ्याच बायकांना कळतही नाही, आणि कळलं काय न कळलं काय, गर्भ राहण्याशी त्याचा संबंध नाही. कारण गर्भ काय त्या क्षणाला राहत नसतो. शुक्राणू गर्भनलिकेत जाऊन थांबतात, पाच दिवसांपर्यंत जिवंत राहू शकतात, बीज मात्र बाहेर पडल्यावर 12 ते 24 तासच टिकतं. म्हणजे सोमवारी संबंध आला आणि बीज गुरुवारी फुटलं तर फलन गुरुवारी होतंय, तेव्हा ती बाई शेतात भांगलत असेल नाहीतर ऑफिसात बसलेली असेल. तिथनं पुढं तो गर्भ गर्भाशयात रुजायला आणखी सहा ते दहा दिवस जातात. यातलं काहीही होताना जाणवत नाही.

म्हणूनच संबंधानंतर तिसऱ्या दिवशी दिवस राहिलेत का बघायचं कीट घेऊन जाणाऱ्यांना मी थांबवते. कीट जे हार्मोन शोधतं ते गर्भ रुजल्यावरच लघवीत यायला लागतं, त्याआधी कीटला काही दिसणार नाही. एक लाईन आली, म्हणजे दिवस नाहीत असं दिसलं, की काहींचा जीव भांड्यात पडतो आणि काहीजणी रडतात, आणि दोन्हीचा काही अर्थ नसतो. पाळी चुकू द्या, मग करा, आणि पाळीचा नेम नसेल तर संबंधानंतर तीन आठवड्यांनी करा.

बाईला सुख मिळालं तरच मूल राहतं असं मानणारेही पुष्कळ आहेत. हे खोटं आहे आणि नुसतं खोटं नाही, घातक आहे. जिच्यावर जबरदस्ती झाली आणि दिवस गेले तिला लोक म्हणतात, तिचीही मर्जी असणार त्याशिवाय कसं राहिलं. शरीर असलं काही बघत नाही, बीज तयार आहे आणि शुक्राणू पोचला एवढंच त्याला पुरतं. पण म्हणून बाईच्या सुखाला किंमत नाही असा अर्थ कुणी काढू नये. नवरे येतात, गोळी मागतात, स्प्रे मागतात, टाइम वाढवायचा असतो सगळ्यांना, आणि बायकोला काय हवंय ते कधी तिला विचारलेलं नसतं. कित्येक बायकांना नुसत्या संबंधानं समाधान मिळत नाही, योनीच्या वरच्या टोकाला जो नाजूक भाग असतो, क्लिटोरिस म्हणतात, तिथल्या स्पर्शानं मिळतं. ही बाईची खोड नाही, शरीराची रचना आहे. आणि मध्येच लघवी लागल्यासारखं वाटतं हेही बऱ्याचजणी घाबरून विचारतात. मूत्राशय अगदी लागूनच असतं, दाब पडला की तसं वाटतं. आधी जाऊन यायचं, बास.

दुखण्याविषयी मात्र मला जरा जास्त लिहायचंय. आपल्याकडं पोरीला एवढंच सांगून पाठवतात की पहिलं पहिलं दुखतंय, सोसायचं. मग ती सोसत राहते, वर्षभर सोसते, दोन वर्षं सोसते. थोडं ताणल्यासारखं होणं वेगळं आणि दर वेळेला डोळ्यांतनं पाणी येणं वेगळं. कुणाला कोरडेपणा असतो, कारण घाई असते किंवा मनात भीती असते. कुणाला इन्फेक्शन असतं, अंगावरनं पांढरं जातं, वास येतो, खाज येते. कुणाला आत खोलवर दुखतं, पाळीतही भयंकर दुखतं, तिथं एंडोमेट्रिओसिस निघतो, म्हणजे गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारखं अस्तर बाहेर वाढलेलं असतं, आणि त्यामुळं मूल राहायलाही अडचण येऊ शकते. आणि काहीजणींच्या बाबतीत तर तिथले स्नायू आपोआप आवळले जातात, आत काही जाऊच शकत नाही. याला व्हजायनिस्मस म्हणतात. हे ती मुद्दाम करत नाही, तिला स्वतःलाही सोडवता येत नाही. अशी जोडपी दोन-तीन वर्षं मूल नाही म्हणून देवदेव करत फिरतात, ज्योतिबाला जातात, आदमापूरला जातात, श्रद्धेनं जावं, माझंही काही म्हणणं नाही, मीही जाते. पण मुळात संबंधच झालेला नाही हे दोघांना माहीत असतं आणि दोघंही कुणाला सांगत नाहीत. यावर व्यायाम आहेत, समुपदेशन आहे, डॉक्टरांकडं उपचार आहेत आणि बहुतेकजणी बऱ्या होतात. नवऱ्यानं जोर करून हे सुटत नाही, वाढतं.

पहिल्या रात्री रक्त आलंच पाहिजे हेही डोक्यातनं काढून टाका. योनीच्या तोंडाशी असलेला पडदा लवचिक असतो, प्रत्येकीचा वेगळा, बऱ्याचजणींना रक्त येतच नाही. चादर बघून पोरीची किंमत ठरवणाऱ्यांची मला खरंच चीड येते.

तेलाचं एक सांगायचं राहिलं. कोरडेपणासाठी घरात खोबरेल वापरतात, पण निरोध वापरत असाल तर तेल लावू नका, त्याचं रबर तेलानं फाटतं. आणि मूल हवं असेल तर थुंकी आणि बाजारातल्या काही जेलनी शुक्राणूंची हालचाल मंदावते, तेव्हा विचारून घ्या.

मग दिवस राहतात कधी. याचं उत्तर अंथरुणात काय जाणवलं यात नाही, कॅलेंडरात आहे. बीज पुढच्या पाळीच्या साधारण चौदा दिवस आधी फुटतं. 28 दिवसांनी पाळी येणारीचं साधारण 14 व्या दिवशी, 35 दिवसांनी येणारीचं 21 व्या दिवशी. तो दिवस आणि त्याच्या आधीचे पाच दिवस, एवढेच काय ते कामाचे. ते दिवस आले की खालचा स्राव कच्च्या अंड्याच्या पांढऱ्या भागासारखा तार धरणारा, निसरडा होतो, काहींना एका बाजूला ओटीपोटात बारीक दुखतं. शरीर खूण देतंच तर ती इथं देतं. या दिवसांत एक दिवसाआड संबंध ठेवला तरी पुष्कळ झालं. महिनाभर वीर्य साठवून ठेवलं की ते ताकदवान होतं ही तालमीतली समजूत इथं कामाची नाही, फार दिवस साठलेले शुक्राणू उलट सुस्त होतात. आणि दर महिन्याला राहतीलच असंही नाही. सगळं ठीक असलेल्या शंभर जोडप्यांपैकी वर्षभरात 80 ते 85 जणांना राहतात, म्हणजे लग्नाच्या चौथ्या महिन्यात सुनेला टोमणे मारायचं काही कारण नाही. वर्ष झालं तर डॉक्टर गाठा, आणि तिचं वय 35 च्या पुढं असेल तर सहा महिन्यांनीच.

डॉक्टर गाठा म्हटलं की काय होतं तेही सांगते. तिला एकटीलाच नेतात. सासू नेते, नाहीतर आई नेते. तिच्या सोनोग्राफ्या होतात, रक्त तपासतात, ट्यूब तपासतात, फाइल जाड होते, आणि नवऱ्याची एक साधी वीर्यतपासणी कुणी केलेली नसते. मूल न होण्याच्या जवळजवळ निम्म्या केसमध्ये दोष पुरुषातही असतो, एकट्याचा किंवा दोघांचा मिळून. ती तपासणी स्वस्त आहे, सुई नाही, दुखत नाही. दोन ते सात दिवस संबंध नको, लॅबमधून डबी आणायची, नमुना तिथंच द्यायचा किंवा घरून तासाच्या आत पोचवायचा आणि वाटेत गार होऊ द्यायचा नाही, शर्टाच्या आतल्या खिशात ठेवायचा. निरोधात धरून आणायचा नाही, त्यातल्या काहींना शुक्राणू मारणारं औषध लावलेलं असतं. एक रिपोर्ट खराब आला म्हणून खचायचं नाही, परत करून बघतात. पण हे सांगितलं की उत्तर येतं, "आमच्या लेकात काय कमी हाय, पैलवान गडी हाय." गडी पैलवान असण्याचा आणि काउंटचा, म्हणजे शुक्राणूंच्या संख्येचा, काही संबंध नाही हो. संबंध व्यवस्थित होतात, ताठरता आहे, वीर्य येतंय, तरी त्यात शुक्राणू नसू शकतात, डोळ्याला ते दिसत नाही.

उलट आपल्या कोल्हापुरात तर पुरुषांनीच आधी तपासून घ्यावं अशी कारणं आहेत. शिरोलीला, गोकुळ शिरगावला फौंड्रीत भट्टीजवळ आठ-आठ तास उभी राहणारी माणसं आहेत. अंडकोष शरीराबाहेर असतात ते गार राहावेत म्हणून, सततच्या उष्णतेनं शुक्राणू कमी होऊ शकतात. तंबाखू-गुटखा आहेच. आणि आता जिममध्ये बॉडी लवकर व्हावी म्हणून टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं घेणारी पोरं आहेत, त्यांना वाटतं याच्यानं मर्दानगी वाढते. बाहेरून हे हार्मोन आलं की मेंदू अंडकोषांना काम थांबवायला सांगतो, काउंट शून्यावरसुद्धा जातो. बंद केल्यावर बहुतेकांचा परत येतो पण कित्येक महिने जातात, कारण एक शुक्राणू तयार व्हायलाच अडीच-तीन महिने लागतात. विनाचिठ्ठीचं ते इंजेक्शन मी देत नाही म्हणून माझ्याशी भांडून गेलेली पोरं आहेत.

मुलगा की मुलगी हेही बापाच्याच शुक्राणूवर ठरतं, बाईच्या बीजात त्याचा निकाल नसतो. ज्या जिल्ह्यात 2001 च्या जनगणनेत सहा वर्षांखालच्या हजार मुलग्यांमागं 839 मुली होत्या आणि 2011 ला 863, तिथं तरी हे रोज छापलं पाहिजे.

आता तुमच्याकडं येते. राग मानू नका, हे सगळ्याच पेपरांना लागू आहे. आतल्या पानावर छोट्या जाहिराती असतात, ताकद वाढवा, संततीसुख हमखास, गुप्तरोगावर खात्रीचा इलाज, खाली मोबाइल नंबर. लैंगिक ताकद वाढवून देतो, वंध्यत्व घालवतो असल्या औषधांच्या जाहिरातींना 1954 च्या कायद्यानं बंदी आहे. तरी त्या येतात, आणि त्या वाचून लोक हजारो रुपये घालवून मग माझ्याकडं येतात की ताई या पुडीत काय आहे बघा. बघून काय कळणार, पुडीवर नावच नसतं. अशा जाहिरातीला जागा मिळते आणि खऱ्या उत्तराला मिळत नाही याचं मला वाईट वाटतं.

आणि मराठीत हे काही नवीन नाही. र. धों. कर्वे यांनी 1927 साली ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढलं, वाचकांच्या असल्याच प्रश्नांना त्यात सरळ उत्तरं दिली, त्यापायी कोर्टात खेचले गेले आणि 1934 च्या खटल्यात त्यांच्या बाजूनं बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. 1953 ला जाईपर्यंत त्यांनी ते मासिक चालवलं, खिशाला खार लावून. आज तर कोण कोर्टात खेचणारही नाही.

मूल नको असणाऱ्यांचं थोडक्यात लिहिते. बाहेर काढून घेतलं की झालं, हा उपाय कच्चा आहे, वर्षभर तेवढ्यावरच राहणाऱ्या शंभर बायकांपैकी साधारण वीसजणींना दिवस राहतात. अंगावर पाजतेय, पाळी आली नाही म्हणजे राहणार नाहीत हेही पूर्ण खरं नाही, बीज पाळीच्या आधी फुटतं. पहिले सहा महिने बाळाला फक्त अंगावरचंच, रात्रीसुद्धा, आणि पाळी आलेली नाही, असं तिन्ही असेल तरच त्याचा भरवसा. आणि संबंधानंतर 72 तासांत घ्यायची गोळी ही अडचणीच्या वेळेची आहे, जितकी लवकर तितकी चांगली, पण महिन्यातनं तीन-तीनदा नेणाऱ्या नवऱ्यांना मी सांगते की निरोध न्या किंवा बायकोला डॉक्टरांकडं नेऊन रोजच्या गोळ्या किंवा कॉपर-टीचं विचारा. त्या गोळीनं पुढच्या संबंधाला संरक्षण मिळत नाही, पाळी मागंपुढं होते, आणि गर्भ रुजलेला असेल तर ती काही करत नाही.

तर माझी मागणी एवढीच की आठवड्यातनं एकदा चौकट ठेवा. प्रश्न लोकांचे, नाव नको, गाव नको. उत्तर स्त्रीरोगतज्ज्ञांनी आणि पुरुषांच्या प्रश्नांना युरोलॉजिस्टनी द्यायचं, कोल्हापुरात दोन्ही भरपूर आहेत, सीपीआर या सरकारी दवाखान्यातही स्त्रीरोग विभाग आहे, तिथल्या डॉक्टरांना विचारून बघा. प्रश्न कमी पडले तर माझ्याकडून घ्या. माझं नाव-पत्ता सोबत दिलाय, तो छापू नका, दुकान ओळखलं की येणाऱ्या बायका यायच्या थांबतील.

आणि ही चौकट महिलांच्या पुरवणीत टाकू नका. ती पुरवणी पुरुष उघडत नाहीत. आपल्याकडचे पुरुष पेपर हातात आला की आधी फुटबॉलची आणि कुस्तीची बातमी बघतात, त्या पानावर छापा.

आपली वाचक,
एक मेडिकल दुकानदार,
गंगावेस, कोल्हापूर